तळाची टोपी

२८ मे २०२५

भाऊ,

पत्र पाहून दचकू नकोस. घरी सगळे ठीक आहेत. बाबांचे गुडघे सोडले तर नवीन दुखणं कुणालाच नाही. फोनवर तू "हो", "बरं", "ठेवतो" एवढ्यात मला गुंडाळतोस आणि ही बातमी एवढ्यात मावणारी नाही, म्हणून लिहायला बसले. भिलाईचा तुझा पत्ता मायकडून घेतला. तिने तो तिखटाच्या डब्यात ठेवलाय, कारण बाबांचा हात तिथे कधी जात नाही. कागद उघडताच मला चार शिंका आल्या.

बातमी अशी की आपल्या तलावाच्या तळाची टोपी विमानाची निघाली.

थट्टा करत नाही. यंदा तलाव पार तळाला गेला. दोन हजार दहानंतर पहिल्यांदाच. तीन वर्षांपासून बाबांच्या जागी तलावाचं पाणी सोडणारी पाणकरी मी आहे, पण आजवर मला वरची भोकंच उघडझाक करावी लागली. या वेळी पहिल्यांदा तळाचं भोक उघडं पडलं आणि टोपी मी माझ्या हाताने वर काढली. तेव्हाच नागपूरच्या कॉलेजची चंदा नावाची मुलगी तलावांची पाहणी करायला आली होती. तिने टोपीचा फोटो काढला, तो कुणाकुणाकडे फिरला आणि दुसऱ्या दिवशी मला फोन आला. "बाई, ती टोपी घासू नका." मी त्या वेळी राखेने टोपीच घासत होते.

फोन होता चंद्रकुमार साहेबांचा. हवाई दलात तीस वर्षं इंजिनं दुरुस्त करून निवृत्त झालेत. आता जुनी विमानं गोळा करून जोडणाऱ्या मंडळींसाठी फिरतात. लाखांदूरपर्यंत एसटीने आले, पुढे मी स्कूटीवर आणलं. टोपीसमोर तासभर बसले, चहा थंड केला. मग म्हणाले, विमानाच्या पंख्याच्या मधोमध, नाकाच्या टोकावर असं झाकण असतं. दुसऱ्या महायुद्धातलं आहे. या जातीचं अख्खं विमान आता आपल्या देशात त्यांच्या माहितीत एकही नाही आणि सुटे भागही बोटावर मोजण्याइतके.

मग त्यांनी विचारलं की विमानाचं नाक तलावाच्या तळाला काय करतंय. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे तलावाचं पाणी सोडायची जागा म्हणजे तुडूम. त्याला वरून खालपर्यंत भोकं. वरची लाकडी बुच्च्यांची आणि सगळ्यात खालच्याला ही टोपी, टोक खाली करून बसवलेली. पोकळीत चिकणमाती ठासायची, म्हणजे ती जड होऊन जागची हलत नाही. गावाची समजूत होती की ती चांदीची आहे आणि जुन्या जमीनदाराने, मालगुजाराने बसवली. बाबा ओट्यावर ऐकत होते. ते पहिल्यांदाच बोलले, "माझा आजा सांगे, जंगलात इमान पडलं तं गोऱ्या सोजिरायनं गावात झडती घेतली. खिळाबी नाही सोडला. आज्यानं हे पाण्याखाली दडवलं. पाण्यात कोन पाह्यते?" मी एकतीस वर्षांची झाले, मला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तुला माहीत होतं का?

टोपी बाहेर काढली तेव्हा गावात तुझं नाव निघालं, ते निघणारच होतं. त्या वर्षाचं कुणी विसरलेलं नाही. टोपीच्या आतल्या बाजूला शिशाचं एक ठिगळ आहे. साहेब म्हणाले, ते नंतरचं दिसतं, पुढच्या वेळी काढून बघू.

तुझी,
उर्वशी

९ जून २०२५

भाऊ,

तुझं उत्तर नाही. ते येणार नाही हे धरूनच मी लिहिते आहे, त्यामुळे रागावले नाही.

काल ग्रामपंचायतीच्या सभागृहात टोपीची तपासणी झाली. निम्मं गाव जमलं होतं. साहेबांनी पांढऱ्या कापडावर टोपी ठेवली, डोळ्याला भिंग लावलं. कडेला ठोकलेला नंबर सापडला, मूळ हिरवा रंग सापडला. ॲल्युमिनियमची आहे, चांदीची नाही. हे ऐकून दोन-तीन चेहरे पडले. पण साहेबांचा आनंद बघायला हवा होतास. हातात नवीन नातू दिल्यासारखे ते टोपी धरत होते.

मग त्यांनी शिशाचं ठिगळ उचकटलं. खाली एक छेद निघाला, करंगळीच्या निम्म्या जाडीचा. साहेब म्हणाले, "हा लढाईतला नाही. गोळीचा असता तर काठ फाटले असते. हा हातड्रिलने मारलाय. कोणी मारला?"

कुणी क्षणभरही थांबलं नाही. मागून तुझंच नाव आलं, "भुपेंद्रनं, दुसरं कोन?" मग सगळ्यांनाच एकदम कळलं. चांदी समजून विकायला निघाला असेल, किती निघते ते पाहायला छेद मारला असेल. म्हणजे त्या साली तू टोपी ढिली बसवलीस हे निमित्त होतं, खरं पाणी या छेदाने नेलं. माती हळूहळू वाहून गेली, टोपी हलकी होऊन कलंडली आणि निसवणीवर आलेल्या, लोंब्या धरू लागलेल्या धानाचं शेवटचं पाणी एका दिवसात नाल्याला गेलं. एकजण म्हणाला, "मनूनच पळाला बे तो. कोनी उगाच गाव सोडते का?"

बाबा भिंतीशी बसले होते.

या लोकांचा नियम असा की वस्तूचं जे जे झालं ते सगळं एका तक्त्यात लिहायचं. छेद बुजवायचा नाही, तोही वस्तूचाच भाग. हा तक्ता टोपीसोबत कायमचा राहणार आणि ती जिथे मांडतील तिथे कार्डावर छापला जाणार. साहेबांनी गावाला विचारून लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं: "नंतरचे नुकसान. इसवी सन २०१०. भुपेंद्र ताराचंद कापगते, पाणकऱ्याचा मुलगा, याने विक्रीच्या हेतूने पाडलेला छेद." सरपंच सुलोचनाबाईंनी खाली सही केली. टोपी सव्वीस तारखेला जाणार. बदल्यात गावाला लोखंडी झाकण मिळतंय.

दुसऱ्या कुणाकडून तुला कळण्याआधी मी कळवते आहे. भिलाईत आपल्याकडची माणसं पुष्कळ आहेत.

माय विचारते, जेवणाचं काय करतोस.

उर्वशी

१४ जून २०२५

भाऊ,

मागच्या पत्रात मी एक सही सांगितली. सह्या दोन होत्या. गावाची पाणकरी म्हणून दुसरी माझी आहे. त्या ओळीखाली मी माझं नाव लिहिलं, तारीख घातली आणि पेन साहेबांना परत दिलं.

छेद मी मारला, हे तुला माहीत आहे. कागदावर मात्र मी ते कधी लिहिलं नव्हतं आणि तोंडानेही कधी बोलले नव्हते, म्हणून आज लिहिते.

तेव्हा मी अकरावीत होते, विज्ञान शाखा. मे महिन्यात तुम्ही दोघांनी टोपी साफ करायला काढली होती आणि ती दोन दिवस अंगणात पडून होती. पुस्तकात वाचलं होतं की चांदी जड असते. आपली टोपी तर मी एका हाताने उचलत होते. मला वाटलं, सगळं गाव चुकतंय आणि मी एकटी बरोबर आहे. हे सिद्ध करून दाखवायची मला फार हौस. तुला म्हटलं, शाळेच्या प्रयोगाला ड्रिल पाहिजे. तू सायकलच्या दुकानातून आणून दिलंस. पहिल्यांदा टोक घसरलं आणि एक खळगा पडला, मग दोन बोटं उजवीकडे आरपार गेलं. बाहेर चांदीच्या रंगाचे बारीक गुंडाळे आले, ते मी कंपासपेटीत ठेवले. छेदात मेणबत्तीचं मेण भरलं आणि वरून काजळी लावली. मेण पाण्याखाली टिकेल का, हा प्रश्न विज्ञानाच्या विद्यार्थिनीला पडला नाही.

ऑक्टोबरात काय झालं ते तू सोसलंस. बाबांनी तलावाच्या पाळीवर, सगळ्या गावासमोर तुझ्या कानाखाली मारली आणि "टोपी ढिली बसवली यानं" म्हणाले. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस. मी पाळीवरच्या म्हशी मोजायला लागले. नऊ होत्या. तू काहीच बोलला नाहीस आणि आठ दिवसांनी गेलास. मला वाटलं होतं, दिवाळीला येशील तेव्हा सांगू. मग वाटलं, माझं लग्न ठरू दे; तेही गावातच झालं. मग वाटलं, आता सांगून काय उपयोग. पंधरा वर्षं मी मायच्या पाकिटातून तुला राखी पाठवते आणि सोबत एकही ओळ लिहीत नाही, त्याचं कारण हे आहे.

आणखी एक. बाबांनी ठिगळ लावलं, म्हणजे छेद त्यांनी तेव्हाच पाहिला होता. टोपी पुन्हा त्यांनी एकट्याने बसवली होती, आठव. गेले पंधरा दिवस मी हाच विचार करते आहे. त्यांनी छेद पाहिला आणि गावाला "ढिली बसवली" सांगितलं. ड्रिल कोण घेऊन गेलं होतं, हे सायकलवाल्याने त्यांना सांगितलं असणार. तू चोरी करत होतास असं समजून त्यांनी तुला लहान गुन्ह्याखाली झाकलं. मोठा गुन्हा कळला असता तर गावाने घराचं पाणीच तोडलं असतं. म्हणजे त्यांनी तुला वाचवलं, तू मला वाचवलंस आणि मी म्हशी मोजल्या.

मला लाज वाटते. तुझी आठवण येते हेही खरं आहे, पण लाज जास्त वाटते.

साहेबांना आज फोन केला. ते म्हणाले, तक्ता ज्यांच्यासमोर लिहिला त्यांच्यासमोरच दुरुस्त होईल, एकटीने फोनवर सांगून चालणार नाही. मी विचारलं, टोपी गेल्यावर चालेल का. म्हणाले, "गेल्यावर ते छापून होईल, बाई."

उर्वशी

२७ जून २०२५

भाऊ,

काल सांगितलं.

सगळं जसं घडलं तसं लिहिते. टोपी पेटीत भरायची होती, साहेब भुसा पसरत होते. मी उठले आणि म्हणाले, "तक्त्यातलं नाव चुकलं हाये. छेद म्या मारला. चांदी हाये का नाही ते पाह्याले. भाऊले काही मालूम नव्हतं." शेवटचं वाक्य खोटं होतं, ते तुझ्यासाठी बोलले.

मला वाटलं होतं, आरडाओरडा होईल. झालं उलटंच. दोघे हसले. सुलोचनाबाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "उर्वशी, भावाची माया समजते. पन कागदावर खोटं नोको लिहू." मागून कुणी म्हणालं, "पोट्टीच्या हातानं ड्रिल चालते का?" पंधरा वर्षं धास्ती घेऊन बसले होते की लोकांना कळेल, आणि काल मी ओरडून सांगतेय तर कुणी घ्यायला तयार नाही. मला रडू येण्याऐवजी संताप आला.

साहेबांनी हातानेच सगळ्यांना थांबवलं. मला म्हणाले, "एकच छेद मारला का?" मी म्हटलं, "पह्यलं घसरलं होतं. त्याचा खळगा असंल, छेदाच्या डाव्या बाजूले, दोन बोटं." त्यांनी टोपी पेटीतून परत काढली. छेदाशेजारी शिशाचा पातळ थर राहिला होता, तो लाकडी काडीने खरवडत बसले. सभागृहात काडीचा आवाज येत होता. मग त्यांनी भिंग सुलोचनाबाईंच्या हातात दिलं. खळगा होता. मी सांगितलं तिथेच होता.

त्यानंतर मात्र हसलं कुणी नाही. ज्यांचं धान त्या साली पोचट गेलं त्यांपैकी सुंदरबाई माझ्यासमोर येऊन म्हणाली, "लहान होती तवा चूक झाली, मानतो. पन इतके वर्स? तो पोट्टा माह्या दारावरून मान खाली घालून गेला व." पुढच्या आठवड्यात पाणकरीपणाचा विचार करू, असं गावाने ठरवलं. ठेवतील तर ठेवतील.

साहेबांनी जुनी ओळ रेघ मारून ठेवली, पुसली नाही. तोही त्यांचा नियम. खाली नवीन लिहिली. तिचा फोटो काढून छापून आणला, तो सोबत आहे: "इसवी सन २०१०. उर्वशी ताराचंद कापगते, वय १६, हिने धातू कोणता हे पाहण्यासाठी पाडलेला छेद. वरील नाव चुकीने लिहिले गेले होते." माहेरचं नाव घातलंय, कारण तेव्हा मी तीच होते. आपलं नाव कुठेतरी छापून यावं अशी मला शाळेपासून इच्छा होती, ती अशी पुरी झाली.

बाबा कुठे होते ते तू विचारशील. भिंतीशीच बसले होते. खळगा सापडला तेव्हा ते उठले आणि घरी गेले. रात्री ताट तसंच ठेवलं. मायने इतकी वर्षं दाबून ठेवलेलं एकदाचं काढलं. "मी म्हनून राहिली होती, पोराले एकडाव इचारा. इचारलं का तुमी?" बाबांनी तांब्याभर पाणी संपवलं. मग म्हणाले, "नाही इचारलं. छेद पाह्यला, ड्रिलवाल्याचं आयकलं, आन् मारूनच देलं."

माझ्याशी ते बोलत नाहीत. बोलू नयेत हेच बरोबर आहे.

उर्वशी

२ जुलै २०२५

भाऊ,

हे घाईत लिहिते आहे. स्पीडपोस्ट करणार आहे, तरी पत्र आधी पोचेल की बाबा, सांगता येत नाही.

परवा सकाळी बाबा पाळीवर आले. पाऊस बरा झालाय, तलावात कमरेएवढं पाणी आहे, मी नवीन लोखंडी झाकणाची बैठक बघत होते. झाकण चांगलं आहे. बाबांनी पाण्यात काठी घालून ते दोनदा ठोकून पाहिलं. मग पाण्याकडे बघत मला विचारलं, "दुर्गले गाडी कितीक वाजता असते?"

दुर्ग म्हणजे तुझं भिलाई, हे मला आधी कळलंच नाही. तलाव भरायच्या दिवसांत बाबांनी कधी गाव सोडलं आहे का? मायच्या भावाच्या लग्नालाही ते गेले नव्हते, त्यांच्या सासरची माणसं अजून बोलतात. मी म्हटलं, "बाबा, पानी चढून राहिलं. दिवाळीले जा." ते म्हणाले, "पानी पाह्याले तू हायेस नं." चार दिवसांत माझ्याशी बोललेलं हे दुसरं वाक्य. गावाने काहीही ठरवो, माझी पाणकरी त्या वाक्याने राहिली असं मी धरते.

तर ते शनिवारी निघतायत. लाखांदूरहून एसटीने भंडारा, तिथून वरठीला जाऊन दुर्गची गाडी. मी सोबत येते म्हटलं तर काठी उचलली. मायने तिखटाचा डबा त्यांच्यासमोर उघडला आणि तुझा पत्ता काढून दिला. त्यांनी तो तीनदा वाचून घेतला आणि मग पाठ म्हणून दाखवला. सोबत चिन्नोरचे तांदूळ आहेत, पाच किलो. जड होतील म्हटलं तर ऐकत नाहीत.

काय बोलणार आहेत ते मी विचारलं नाही, कारण त्यांनाही ते ठाऊक नसावं. काल ओट्यावर बसून ओठ हलवत होते. मी जवळ गेले तर थांबले. तू माफ करावं असं मी म्हणत नाही, त्यांना नाही आणि मलाही नाही. ते तुझं तू ठरव. फक्त त्यांना जिने चढवू नकोस, गुडघे खरंच गेलेत. खाली खुर्ची दे, पाणी दे. पाणी पिईपर्यंत ते काही बोलणार नाहीत, तू घाई करू नकोस.

आणि दार लगेच उघड. दोनदा कडी वाजवायची त्यांना सवय नाही. उघडलं नाहीस तर ते तांदूळ पायरीवर ठेवतील आणि परत येतील.

उर्वशी